सर्व्हेवाल्या सर-मॅडमहो, निकाल घेऊन एकदा परत या

प्रति,
सार्वजनिक धोरण, विषमता आणि लोकशाही यांच्यावर संशोधन करणारे सगळे प्राध्यापक, पीएचडीचे पोट्टे-पोट्टी, संस्थांचे डायरेक्टर आणि या प्रोजेक्टांना पैसा देणारे,
मुंबई, पुणे, दिल्ली, जिथं असाल तिथं.

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहतो. घरची थोडी शेती आहे, कापूस, तूर आणि धुऱ्यापर्यंत पुरलंच तर सोयाबीन. समाजशास्त्रात एमए केलं, नोकरी लागली नाही (ते सोडा, त्याच्यावर वेगळं पत्र होईल), म्हणून उन्हाळ्यात आणि कधी दिवाळीनंतर तुमच्यातल्याच कोणाच्या तरी प्रोजेक्टवर फॉर्म भरायचं काम करतो. आधी कागदाचे गठ्ठे असायचे, आता टॅब असते. म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारणारा मीच आणि माझ्या ओसरीवर दुसरा सर्व्हेवाला आला की उत्तर देणाराही मीच. दोन्हीकडून पाहतो म्हणून हे लिहून राहिलो. रागानं नाही लिहीत, थोडाफार आहे पण तो पुढं येईलच.

आमच्या भागाचा, म्हणजे विदर्भाचा, अभ्यास झाला नाही असं कोणाच्या बापाला म्हणता येणार नाही. १९८३ ला वि. म. दांडेकरांची समिती बसली, ८४ ला तिनं सगळ्या महाराष्ट्राचा मिळून ३,१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे मागं पडलेल्या विकासकामांची थकबाकी, काढला. १९९४ ला विकास मंडळं आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मधात २०१३ ला विजय केळकर समितीचा रिपोर्ट आला. शेतकरी आत्महत्यांवर मुंबई हायकोर्टाच्या आदेशानं टाटा समाजविज्ञान संस्थेनं २००५ मध्ये अभ्यास केला, मग इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या सृजित मिश्रांचा रिपोर्ट २००६ च्या जानेवारीत आला, त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि ते पॅकेज कसं चाललं त्याचाही अभ्यास नरेंद्र जाधवांनी २००८ मध्ये करून दिला. हे मोठेमोठे झाले, यांच्याशिवाय पीएचड्या, एनजीओचे प्रोजेक्टाच्या आधीचे आणि नंतरचे सर्व्हे (बेसलाईन, एंडलाईन), परदेशातल्या युनिव्हर्सिट्या, ते कोण मोजते.

आणि एवढ्यातला एक कागद आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात नाही. कपाट मी स्वतः पाहिलंय. त्यात घरपट्टीचे रजिस्टर आहेत, जलजीवनचे जुने बोर्ड आहेत, आणि उंदरानं कुरतडलेली एक यादी आहे. आमच्यावर काय लिहिलं, आमच्यातून काय निघालं, ते खरं का खोटं, हे आम्हाला कोणी येऊन सांगितलं नाही. तुम्ही येता, दोन तास बसता, च्या पिता, घरात ताटं किती, बकऱ्या किती, कर्ज किती, नवरा मारते काय, सगळं विचारता, आणि मग जे जाता ते जाता.

मला एवढंच म्हणायचं आहे की विषमतेचा अभ्यास करता करता तुम्ही एक विषमता रोजच्या रोज तयार करून राहिले. प्रश्न तुमचे, उत्तरं आमची, निष्कर्ष परत तुमचे. आमच्या वाट्याला एक साबणाची वडी नाहीतर स्टीलचा डबा.

आता तुम्ही म्हणाल की रिपोर्ट वेबसाईटवर असते, कोणीही पाहू शकते. पाहू शकते ना, इंग्रजीत, दोनशे पानं, त्यात शेवटी ते रिग्रेशनचे टेबल. मी एमए आहे तरी मला दोन वेळा वाचावं लागते. शेजारच्या काकाजींनी कसं पाहायचं, ज्यांनी तुमच्या एका सॅम्पलमध्ये त्यांच्या पोराच्या मरणाची सगळी हकीकत सांगितली?

त्याच्याआधी एक दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती तुम्हाला समजली नाही तर तुमचा सगळा डेटाच थोडा वाकडा येते. फॉर्म घेऊन मी कोणाच्याही दारात गेलो की पहिला प्रश्न मी नाही विचारत, समोरची बाई विचारते. "काहून बाप्पा, नाव येते काय यादीत?" मी म्हणतो, नाही काकू, हा अभ्यास आहे, याच्यातून काही भेटत नाही. "मंग काहून लिवून रायला?" याचं उत्तर तुमच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला देतात, की सांगा, याच्यामुळं पुढं चांगली धोरणं बनतील. ते वाक्य मी आता म्हणत नाही. लाज वाटते.

तुमच्या पेपरमध्ये मग लिहून येते की ग्रामीण उत्तरदाते उत्पन्न कमी सांगतात. सांगतातच. काहून नाही सांगणार? त्यांच्या आयुष्यात जितके फॉर्म आले ते सगळे कोणाला तरी आत घ्यायला आणि कोणाला तरी बाहेर काढायलाच आले. २००२ चा बीपीएलचा सर्व्हे आठवा, तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, टोटल ५२. कपडे किती, जेवण किती टाईम, घर कसं, संडास कुठं. इथल्या लोकांना अजून पाठ आहे की कोणत्या घराला किती मार्क आले आणि कोणाचे कसे आले. मग २०११ चा सामाजिक-आर्थिक जात सर्व्हे आला. त्याच्यात आपोआप बाद व्हायच्या अटी होत्या, मोटरसायकल असली तर बाद, फ्रीज असलं तर बाद, आणि किसान क्रेडिट कार्डची (केसीसीची) लिमिट ५० हजार किंवा वर असली तरी बाद. ही शेवटची अट जरा दोन मिनिटं वाचा. म्हणजे ज्या कर्जापायी इकडं माणूस औषध पिते ते कर्ज दिल्लीतल्या एका फॉर्मवर श्रीमंतीचा पुरावा झालं. त्याच यादीवरून पुढं घरकुलं वाटली. मोटरसायकलची अट काढायला २०२४ उजाडलं, तोवर कितीक जणांनी गाडी मेहुण्याच्या नावावर केली होती ते विचारू नका.

हे कोणी मुद्दाम वाईटपणा म्हणून केलं असं मी म्हणत नाही. फॉर्म बनवणारे हुशारच लोकं असतात. पण फॉर्म जिथं बनला त्या टेबलाभोवती कोरडवाहूचा एकही माणूस नव्हता, असता तर त्यानं पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की साहेब, केसीसी म्हणजे पैसा नाही, ते डोक्यावरचं आहे.

असंच मरणाचंही झालं. शेतकऱ्यानं जीव दिला की तो "पात्र" की "अपात्र" हे जिल्ह्याची समिती ठरवते. शेतीचा सातबारा पाहिजे, कर्ज बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे, नापिकी पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. पात्र निघालं की एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. आता आमच्याकडं अर्धं गाव मक्त्यानं, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्यानं घेऊन, करते. सातबारा एकाचा, घाम दुसऱ्याचा. मक्तेदार मेला तर त्याच्या नावावर जमीन नाही, कर्ज कृषी केंद्रवाल्याचं उधारीवर, म्हणजे कागदावर नाहीच. बाई मेली तर ती शेतकरी कशाची, तिच्या नावावर काहीच नाही, ती गृहिणी. गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची देशभरची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीनं २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर असे वेगळे रकाने केले, त्याच्यावर तुम्ही लोकांनी भरपूर लिहिलं, चांगलंच केलं, पण आमच्या गावात कोणी येऊन हे सांगितलं नाही की बाबांनो, ठाण्यात पंचनामा होते तेव्हा व्यवसायाच्या पुढं काय लिहून राहिले ते पाहत जा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एवढं एक वाक्य पोलीस पाटलाला कोणी समजावलं असतं तरी किती फरक पडला असता.

पैसेवारीचं घ्या. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पीक किती आलं ते रुपयाच्या हिशोबानं मोजतात, ५० पैशाच्या खाली आली की दुष्काळी सवलतींची आशा, वर गेली की संपलं. आमच्या नागपूर-अमरावती विभागात सप्टेंबरच्या शेवटी नजर पैसेवारी, ३१ ऑक्टोबरला सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. नजर म्हणजे खरंच नजर, पाहून ठरवतात. केंद्रानं २०१६ ला दुष्काळाची नवी संहिता आणली, पावसाचा खंड, उपग्रहावरून हिरवळ, जमिनीतली ओल, सगळं शास्त्रीय, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात त्या पद्धतीनं राज्यात १५१ तालुके जाहीर झाले. शास्त्रीय झालं ते बरंच झालं असेल, पण आधी तलाठ्याशी भांडता तरी येत होतं. उपग्रहाशी कुठं भांडायचं? वरून पराटी, म्हणजे कापसाचं झाड, हिरवीगार दिसते पण बोंडात अळी आहे हे वरून दिसत नाही. मोजायचं तंत्र जितकं हुशार होत चाललं तितका आमचा त्याच्यात शिरायचा दरवाजा लहान होत चालला, आणि लोकशाहीचा प्रश्न मला इथं दिसतो, मतदानाच्या रांगेत नाही. मतदान आम्ही करतोच, शहरवाल्यांपेक्षा जास्त करतो.

बाबासाहेबांचा १९१८ चा लेख तुम्हाला माहीत असेलच, लहान जमीनधारणेवरचा. त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं की जमीन लहान की मोठी हे नुसतं एकरावरून ठरत नाही, त्या जमिनीत भांडवल, अवजारं, बाकी साधनं किती पडतात त्याच्यावरून ठरते. आणि नव्वद वर्षांनी २००८ ची कर्जमाफी आली ती कशी आली? दोन हेक्टरपर्यंत सगळं माफ, वरच्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. पश्चिमेकडचा पाच एकर ओलिताचा आत आणि आमचा आठ एकर मुरमाड कोरडवाहू बाहेर. एकर तेवढे मोजले. आमच्या सोसायटीच्या यादीत तेव्हा कोण बसलं आणि कोण सुटलं हे आजही लोकं नावानिशी सांगतात, कारण माफी ज्यांना नाही भेटली ते थकबाकीदारच राहिले आणि थकबाकीदाराला पुढच्या हंगामाला पीककर्ज नाही, मग तो खाजगीकडं गेला. २००६ च्या पॅकेजात दुधाळ गायी वाटल्या तेही तसंच, ज्या घरी बैलाला कुटार पुरत नाही त्याच्या दारात संकरित गाय बांधली. गाय खात होती माणसापेक्षा जास्त. विचारलं असतं तर कोणत्याही बाईनं सांगितलं असतं.

आता निकाल परत आणला तर काय होते, हे मी एकदा आपल्या हिंमतीवर करून पाहिलंय. केंद्राच्या राष्ट्रीय नमुना सर्व्हेच्या (एनएसएस) ७७ व्या फेरीचे आकडे होते, २०१८-१९ चे, शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. देशाचा आकडा आहे, विदर्भाचा नाही, हेही मी सांगितलं. पानठेल्यावर संध्याकाळी बसले होते सगळे, मी मोबाईलवर वाचून दाखवलं की त्यातले ४,०६३ मजुरीचे आहेत आणि पिकाचे ३,७९८. एक मिनिट कोणी बोललं नाही, मग एक भाऊ म्हणे, "मंग आपण शेतकरी कायचे, मजूरच होय ना." दुसरा म्हणे की हे खोटं आहे, पिकाचं एवढंही नाही. त्याच्यावरून जे सुरू झालं ते रात्री साडेनऊपर्यंत. कापूस वेचायचा भाव किलोमागं वाढला म्हणून जो माणूस मागच्याच आठवड्यात बायांवर चिडून होता त्याला त्याच्याच भावानं विचारलं की तुही बायको दुसऱ्याच्या वावरात वेचाले जाते ना, तिले भाव वाढला तं घरात कोनाच्या येते? हमीभाव वाढवा आणि मजुरी कमी ठेवा ही मागणी एकाच घरात एकमेकाच्या अंगावर येते, हे त्या दिवशी पानठेल्यावर जितकं सरळ बोललं गेलं तितकं मी कोणत्या सेमिनारमध्ये ऐकलं नाही. एका आकड्यानं एवढं केलं. तुमच्याकडं असे हजार आकडे पडलेले आहेत.

बरं, सॅम्पलबद्दलही बोलतो, कारण टॅब माझ्या हातात असते तेव्हा काय होते ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही लिस्ट देता, यादृच्छिक पद्धतीनं काढलेली, अगदी बरोबर. मी जातो. गावठाणातलं घर भेटते. तांड्यावरचं घर बंद, ऊसतोडीला गेले, मार्चनंतर येतील. पोडावरचं घर, म्हणजे कोलामांची वस्ती, ती गावापासून लांब, रस्ता नाही, आणि गेलो तरी माणसं रानात. सुपरवायझर म्हणते, दोन वेळा गेला ना, आता बदली घर घे. बदली घर कुठलं भेटते? जे उघडं आहे ते. जे उघडं आहे ते कोणाचं असते? ज्याला गाव सोडून जायची गरज नाही त्याचं. तुमच्या टेबलात मग गरिबी थोडी कमी येते आणि त्याच्यावर कोणीतरी पेपर लिहिते की स्थलांतर घटलं. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी कोलाम एक आहेत, त्यांच्यासाठी वेगळ्या योजना निघतात, आणि तेच बदली घर म्हणून गळतात.

बायांचंही तसंच. फॉर्मवर लिहिलेलं असते की उत्तर बाईनंच द्यावं. बाई सहा वाजता वेचणीला जाते, अंधार पडल्यावर येते, मग चूल. तिला मी कोणत्या वेळेला एक तास बसवू? नवरा दारातच बसून असते, तो म्हणते मीच सांगतो ना सगळं, तिले काय कळते. तिला सगळंच कळते, बचतगटाचं कर्ज किती आणि फायनान्सवाल्याचा हप्ता कोणत्या वारी हे तिलाच माहीत असते, त्याला नाही. आणि बरेचदा तुम्ही टीम पाठवता नोव्हेंबरात, नेमकं वेचणीत, कारण तुमचं आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते आणि ग्रँट खर्च करायची असते. एकदा आमचं पंचांग पाहून प्लॅन करा ना राजेहो. एप्रिल-मेमध्ये ऊन आहे पण माणसं घरी आहेत.

आता तो राग. तुम्ही मोजता ते सगळं खालचं मोजता. आमची ताटं, आमच्या बकऱ्या, आमच्या सवयी, आम्ही दारू किती पितो, लग्नात खर्च किती करतो. वरचं कोण मोजणार? २०२४ च्या मार्चमध्ये वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबवाल्यांनी काढलं की २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या १ टक्का लोकांकडं २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती होती. हे घरोघरच्या सर्व्हेतून पूर्ण निघूच शकत नाही, त्यांना इन्कम टॅक्सचे आकडे आणि श्रीमंतांच्या याद्या वापराव्या लागल्या, कारण त्या घरी सर्व्हेवाल्याला वॉचमनच आत सोडत नाही. आमच्याकडं वॉचमन नाही म्हणून आम्ही सॅम्पल.

अमेरिकेत गिलेन्स आणि पेज नावाच्या दोन प्राध्यापकांनी २०१४ मध्ये एक पेपर काढला, तुमच्यातल्याच एका मॅडमनं मला पीडीएफ पाठवला होता, त्यांचे उपकार. १९८१ ते २००२ मधले १,७७९ धोरणाचे प्रश्न घेतले आणि पाहिलं की सामान्य माणसाला काय पाहिजे होतं, पैसेवाल्यांना काय पाहिजे होतं, संघटित गटांना काय पाहिजे होतं, आणि शेवटी झालं काय. निघालं असं की पैसेवाल्यांचं आणि संघटित गटांचं मत बाजूला ठेवून पाहिलं तर सामान्य माणसाच्या मताचा स्वतःचा परिणाम जवळजवळ शून्य. त्याच्यावर वाद झाला, काहींनी दाखवलं की बऱ्याच प्रश्नांवर मधल्या वर्गाचं आणि श्रीमंतांचं मत सारखंच असते, मग कोणाचं चाललं हे सांगणं कठीण. तो वाद आपल्या जागी. मला आवडलं ते हे की त्यांनी निर्णयापासून सुरुवात केली, झोपडीपासून नाही.

तसं इथं करा. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये उठवलं, पहिले ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येऊन विकायला निघते तोच काळ. कापड उद्योगाच्या संघटना उघड मागत होत्या, त्यांची अडचण खोटी होती असं मी म्हणणार नाही, अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं होतं. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण हमीभाव कागदावर आणि खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, दारात, त्याच्या काट्यावर काय भेटलं ते आम्हाला विचारा. तुम्ही शोधायचं ते हे की त्यांची मागणी कोणत्या तारखेला गेली, कोणत्या टेबलावर गेली आणि निर्णय किती दिवसात निघाला. आणि त्याच्या बाजूला आमचं निवेदन ठेवा. आम्ही निवेदन देतो तहसीलदाराला, फोटो काढतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येते, मग ते निवेदन कुठं जाते? खरंच कुठं जाते? कलेक्टर ऑफिसला जाते का, मंत्रालयात जाते का, का आवक रजिस्टरला नंबर पडून तिथंच झोपते? एखाद्या पोट्ट्यानं पीएचडी याच्यावर करावी, एका तालुक्यातली एका वर्षातली सगळी निवेदनं घ्यायची आणि शेवटपर्यंत त्यांच्या मागं जायचं. विषमता आणि लोकशाही दोन्ही एकाच फाईलीत भेटतील. मी फुकटात मदत करतो, लिहून देतो.

पीकविम्याचंही. २०२३ ला एक रुपयात विमा आला, सगळ्यांनी काढला, २०२५ च्या खरिपात गेला, आणि जाताना स्थानिक आपत्तीची ७२ तासात सूचना द्यायची सोय वगैरेही गेली, मग भिस्त मुख्य करून पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे ठरलेल्या प्लॉटवरचं पीक कापून उत्पादन मोजतात त्याच्यावर. तुमच्यातल्या कितीकांनी विमा "शेतकऱ्यांची जागरूकता" म्हणून अभ्यासला! आमची जागरूकता कशाला मोजता हो, महसूल मंडळात प्रयोगाचा प्लॉट कोणता पडला, तिथं कंपनीचा माणूस आला की नाही, आकडा कोणी भरला, ते मोजा.

सगळेच असे नाहीत, हेही लिहितो, नाहीतर म्हणाल नुसता रडते. आमच्याच विदर्भात उलटं करून दाखवलेलं आहे. रोजगार हमीच्या काळात पागे समितीनं शेतमजुराची मजुरी दिवसाला ४ रुपये काढली होती. अभय बंगांनी वर्धा जिल्ह्यात मजुरांमध्ये बसून तो हिशोब पुन्हा मांडला, माणूस काम करते किती, खाते किती, घरात तोंडं किती, आणि दाखवलं की १२ रुपये पाहिजेत. तो कागद सेमिनारमध्ये वाचून थांबला नाही, मजुरांच्या हातात गेला आणि मजुरी वाढली. पुढं गडचिरोलीत बंग पती-पत्नीनं दोन गावातल्या बायांच्या आजारांचा अभ्यास केला, १९८९ ला लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय जर्नलात छापून आला, ९२ टक्के बायांना काही ना काही आजार निघाला, जे त्या बाया कोणाजवळ बोलत नव्हत्या.

आणि मेंढा-लेखा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं लहानसं गोंड गाव. २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा कायदेशीर हक्क, तिथं भेटला, अठराशे हेक्टरच्या आसपास जंगल. त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्यांच्याकडं अभ्यासगट चालू होते. ग्रामसभा निर्णय घेणार, सगळ्यांच्या सहमतीनं घेणार, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसणार, बाहेरचा जाणकार तिथं येऊन माहिती देणार पण निर्णयात बोलणार नाही. तुमची जागा त्यांनी किती बरोबर ठरवली पहा. तिथल्या देवाजी तोफांसारखी माणसं कोणत्या कॉलेजात गेली होती? कायद्याचं कलमन् कलम त्या लोकांनी बसून समजून घेतलं. आमच्या गावात ते होणार नाही असं लोकं म्हणतात, आमच्याकडं सतरा जाती आणि तीन पार्ट्या, तिथं एक समाज. असेल. पण आमच्या गावात कोणी करून तरी पाहिलं का?

बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूरवाला अभ्यासही मला आवडतो, चट्टोपाध्याय आणि डुफ्लो, २००४ चा. सरपंचपद बायांना राखीव होतं त्या गावात पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण पाणी बायांना लागते. साधं आहे, पण मोजून दाखवलं तर वजन येते. महाराष्ट्रात पंचायतीत ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. आमच्याकडच्या सरपंचबाईला हा अभ्यास कोणी मराठीत एक पान करून दिला असता तर तिच्या नवऱ्याला मासिक सभेत बाजूला बसवायला तिला थोडा तरी जोर आला असता.

सरकारचं काय सांगू, २०१७-१८ चा लोकांच्या घरखर्चाचा सर्व्हे केला आणि बाहेरच काढला नाही, २०१९ च्या नोव्हेंबरात म्हणे क्वालिटी बरोबर नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही, आता २०२७ ची, तोवर रेशनचा कोटा २०११ च्याच लोकसंख्येवर, त्याच्यानंतर जन्मलेली पोट्टी दहावीला आली. सरकारी आकडे असे वागतात तेव्हा तुमच्या आकड्यांचं वजन वाढते. म्हणून तुमच्याकडून जास्त अपेक्षा आहे. तुमच्याशी भांडतोय याचा अर्थ तुम्ही येऊ नका असा नाही. या. पण फॉर्म फायनल करायच्या आधी एकदा या, सरपंचाच्या घरी नको, समाजमंदिरात बसा नाहीतर विहारात बसा, तांड्यावर जा, आणि विचारा की आम्ही हे हे विचारणार आहो, तुमचे काय प्रश्न आहेत, त्यातले दोन तरी आत घ्या. आणि काम झालं की परत या. चार पानं, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वाचून दाखवायला कोणीतरी. आमच्या गावाचा आकडा वेगळा काढून द्या, नावं नको, नावं काढून टाका, बाकी सगळं द्या. पैसे नाहीत म्हणू नका. डिसेमिनेशनच्या, म्हणजे निकाल लोकांपर्यंत पोचवायच्या, नावावर दिल्लीच्या हॉटेलात जे होते त्याचं एक जेवण कमी करा.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा ठरलेल्या असतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. जानेवारीत वेचणी असते, ऑगस्टमध्ये डवरणी-फवारणी, ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलेलं असते. १ मे बरोबर आहे. कोरमला १५ टक्के नाहीतर १०० मतदार लागतात, ते बसत नाही म्हणून दरवेळी तहकूब होते, पण "आपल्या गावाचा रिपोर्ट वाचणार" अशी दवंडी दिली तर १०० च्या वर येतील याची खात्री मी देतो. महिला ग्रामसभा त्याच्या आधी होते, तिथं आधी वाचा, तिथल्या बाया तुमच्या दोन-तीन आकड्यांना तिथंच खोडून टाकतील, ते लिहून घ्या आणि मग मोठ्या सभेत या. वाचलेलं सगळं प्रोसिडिंग बुकात चढवू, खाली सही-अंगठे, म्हणजे पुढच्या वेळी बीडीओसमोर बोलायला आमच्याजवळ कागद राहील.

येताना मागच्या प्रोजेक्टचा कोरा फॉर्मही आणा. काकाजींना पाहायचा आहे की त्या दिवशी त्यांनी सांगितलं त्यातलं तुम्ही कोणत्या रकान्यात काय लिहिलं.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी आणि हंगामी सर्व्हेवाला,
जिल्हा यवतमाळ

ता. क. जेवणाची सोय होईल. पण दुपारी बारा ते चार कोणाच्या दारात जाऊ नका, मे महिना आहे, आणि तुमच्या त्या एसी गाडीत आमच्या ग्रामसेवकाला बसवून फिरवू नका, मग लोकं खरं बोलत नाहीत.